गाइड निवडायचा, तर साइटेशन्स किती मोजायची?

प्रश्न : एम.एस्सी. रसायनशास्त्र झालंय. पीएच.डी. उत्प्रेरणातच, म्हणजे रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांवरच, करायची आहे आणि दोन गाइडांकडे निवड झाली आहे. सरांचा एच-इंडेक्स ६८, ते निवृत्तीजवळ आलेत. मॅडमचा १९, त्यांची लॅब आठ वर्षांची आहे. बाबांनी दोघांचा तक्ता केलाय आणि त्यांच्या मते आता विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही. मला मात्र मॅडमशी बोलताना विषय जास्त भिडला. मी चुकतेय का? आणि कोडिंग येत नसेल तर या क्षेत्रात अडतं का?

उत्तर : बाबांनी तक्ता केला हे मला आवडलं, बऱ्याच घरांत मुलीला नुसतं 'बघ तुझं तू' म्हणतात. पण त्यातला मोठा आकडा नेमका कशाचा आहे?

हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये एच-इंडेक्स हे माप सुचवलं. ६८ म्हणजे किमान ६८ वेळा इतरांच्या निबंधांत उद्धृत झालेले, म्हणजेच तितक्या साइटेशन्स मिळालेले, ६८ शोधनिबंध. हा आकडा वयाबरोबर वाढतो, खाली येत नाही. तेव्हा सरांचे आजवरचे निबंध आणि मॅडमचे आठ वर्षांतले, ही तुलनाच तिरकी आहे. दोघांच्याही फक्त गेल्या पाच वर्षांच्या निबंधांची यादी काढ. त्यातले रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे निबंध, वेगळे कर, कारण रिव्ह्यूला साइटेशन्स भराभर मिळतात. उरलेल्यांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, ते बघ. विषयही बघ. पाण्यापासून हायड्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर अशा विषयांत गर्दी प्रचंड, म्हणून साइटेशन्सही भरपूर. कारखान्यातला उत्प्रेरक हळूहळू का निकामी होतो यावर काम करणाऱ्याला तेवढी मिळत नाहीत, म्हणून ते काम हलकं ठरत नाही.

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची गोष्ट तू अभ्यासात वाचली असशील, पण ती पद्धत ज्यांच्या नावाने ओळखतात त्या हाबर आणि बॉश यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत अल्विन मिटाश आणि त्यांचे सहकारी त्यासाठी उत्प्रेरकांचे हजारो नमुने तपासत होते. शुद्ध लोखंड फारसं चालेना. स्वीडनच्या खाणीतलं एक मॅग्नेटाइट (लोहखनिज) मात्र उत्तम चाललं. गुण होता त्यातल्या 'अशुद्धीं'मध्ये. त्यातून लोखंडात ॲल्युमिना आणि पोटॅश घालायची कल्पना पक्की झाली. १९१३मध्ये जर्मनीतला ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला आणि लोखंडावर आधारलेले उत्प्रेरक अमोनियासाठी आजही वापरतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर नेमकं काय घडतं, हे गेरहार्ड एर्टल यांनी अनेक दशकांनी उलगडलं. २००७च्या नोबेलमागे त्या कामाचा मोठा वाटा होता. मिटाश यांचं मोठं काम मात्र पेटंटांत गेलं. तुझ्या बाबांच्या तक्त्यात त्यांना किती गुण मिळाले असते?

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. उत्प्रेरणात फसायला वेळ लागत नाही. सुझुकी अभिक्रियेत दोन सेंद्रिय रेणू जोडले जातात आणि त्यासाठी सहसा पॅलेडियम हा धातू लागतो. २००३मध्ये ती धातूशिवाय झाल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे त्याच संशोधकांनी कसून तपासलं, तेव्हा बाटलीतल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात सुमारे ५० भाग पॅलेडियम सापडलं, आणि काम तेच करत होतं. २००५मध्ये त्यांनी ते स्वतः छापलं. अशी तपासणी करायची सवय तुला ज्या लॅबमध्ये लागेल, तिथे जा. म्हणून दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना, गाइड समोर नसताना, विचार : उत्प्रेरक सलग किती तास चालवून बघता? उत्प्रेरक न घालता प्रयोग करून बघता का? एकाचा निकाल दुसऱ्याने पुन्हा काढून पाहिलाय का? अपेक्षित आकडा आला नाही तर गाइड काय म्हणतात? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर उत्तर मिळालं समज.

मोठ्या नावाचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, सरांचं पत्र वजनदार ठरेल, महागडी उपकरणंही बहुधा त्यांच्याकडेच असतील. पण पीएच.डी.ची पाच वर्षं पुरी होण्याआधी ते निवृत्त होणार असतील, तर नंतर तुझं गाइड कोण, हे लेखी विचार. लाजू नकोस. मॅडमकडे पुढच्या तीन वर्षांचा निधी आहे का, हेही तितक्याच स्पष्टपणे विचार. तो असेल आणि विद्यार्थी मोकळेपणाने बोलले, तर माझा कौल मॅडमना. बाबांना तक्त्यात एक रकाना वाढवायला सांग : जुने विद्यार्थी आज कुठे आहेत.

स्वतःच्या साइटेशन्सकडे पहिली तीन वर्षं बघूच नकोस. निबंध छापून येऊन लोकांच्या वाचनात यायलाच वेळ जातो. प्राध्यापकीसाठी अर्ज करशील तेव्हा तो आकडा विचारला जाईल; कंपनीत मात्र रिॲक्टर एकटीने चालवता येतो का आणि गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बिघडला तर काय करशील, हे आधी विचारतील.

कोडिंगवाचून आज अडणार नाही. आलेख काढण्यापुरतं पायथॉन सुट्टीत शिक, बाकीचं लॅबमध्ये गरज पडेल तसं येईल.