पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा गणिताचा पेपर सुटला आणि केंद्राच्या गेटवरच "तुझं काय आलं गं?" सुरू झालं. सांगली स्टँडवर पोचेपर्यंत तुझी सात उत्तरं चुकली होती आणि एसटी तासगावात शिरली तोवर सांगलीचं वालचंद कॉलेजही हातचं गेलं होतं. घरी आल्यावर तू जेवली नाहीस, असं तुझ्या आईकडून कळलं. म्हणून हे पत्र.

उत्तरं जुळवूच नकोस, असं मी म्हणणार नाही. नीट जुळवली तर एखादं प्रकरण आयुष्यभरासाठी पक्कं होतं. पण आधी एक बघ. परीक्षा संगणकावर होते, बाहेर येताना हातात प्रश्नपत्रिका नसते. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. एवढ्या घाईत वाचलेल्या प्रश्नातला 'किमान' कुणाच्या लक्षात 'कमाल' म्हणून राहतो, ऋण चिन्ह निसटून जातं. तुझा पेपर सकाळी आणि मैत्रिणीचा दुपारी असेल तर प्रश्नसंचच निराळा. एकाच सत्रातही प्रश्नांचा क्रम वेगळा असू शकतो, त्यामुळे "बाराव्याचं उत्तर सी" याला काही अर्थ उरत नाही.

त्यामुळे पहिलं काम एकटीनं करायचं. वही घे आणि आठवतील तेवढे प्रश्न लिही. दहा-बारा आठवले तरी पुष्कळ. प्रत्येक प्रश्नापुढे तू निवडलेलं उत्तर लिही आणि एक खूण कर: खात्री, अर्धी खात्री किंवा अंदाज. ही खूण मैत्रिणींशी बोलायच्या आधीच झाली पाहिजे. चौघींचं ऐकल्यावर केलेली खूण तुझी राहत नाही. पुढे हिचा मोठा उपयोग आहे, तो सांगतोच.

मग जुळवताना "काय आलं?" याऐवजी "कसं काढलंस?" विचार. एक उदाहरण घेतो. दोन फासे टाकले, बेरीज ८ आली, तर एका फाशावर ३ असण्याची संभाव्यता किती? एकीचं येईल २/५, दुसरीचं १/१८, तिसरीचं १/३. नुसती उत्तरं सांगत बसलात तर भांडण होईल. रीत सांगितली की चूक कुठे आहे ते आपोआप दिसतं. बेरीज ८ येण्याच्या जोड्या पाच: (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२). त्यांत ३ असलेल्या दोन, म्हणून २/५. १/१८ वालीनं दोनला ३६ नं भागलं. 'बेरीज ८ आली' ही अट तिनं सोडली. १/३ वालीनं (३,५) आणि (५,३) एकच धरले, जोड्या तीन मोजल्या आणि त्यांपैकी एक घेतली. तिघींपैकी दोघींनी १/३ म्हटलं असतं, तरी ते चूकच ठरलं असतं. गेटवर नेमकं हेच होतं: ज्या उत्तराच्या बाजूला जास्त मुली, ते बरोबर मानलं जातं. सोपा वाटणारा सापळा तर सगळ्यांसाठी एकच असतो, त्यामुळे एकच चूक एकत्रच होते. शिवाय हे प्रकरण अकरावीचं. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, म्हणजे गणितात दहाएक. बारावीच्या धांदलीत हेच मागे पडतात.

दुसरा घोटाळा याच्या उलट, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं, कारण तिथं बरोबर उत्तर असलेली मुलगी रडते. साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन घे. साइन एक्सला टी मानलंस तर उत्तर येतं साइन वर्ग एक्स भागिले २. कॉस एक्सला टी मानणारीचं येतं उणे कॉस वर्ग एक्स भागिले २. साइन टू एक्सचं सूत्र वापरणारीचं येतं उणे कॉस टू एक्स भागिले ४. तिन्ही बरोबर आहेत. एक्स शून्य ठेवलास तर किमती येतात ०, उणे १/२ आणि उणे १/४. एक्सला ९० अंश दिलेस तर १/२, ० आणि १/४. पहिल्या दोन उत्तरांतला फरक दोन्ही वेळा १/२, पहिल्या आणि तिसऱ्यातला दोन्ही वेळा १/४. फरक स्थिर आहे, आणि तो उत्तराच्या शेवटी लिहितो त्या 'अधिक सी'मध्ये, म्हणजे स्थिरांकात जिरतो. दोन किमतींनी अंदाज येतो. खात्रीसाठी उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि मूळ फलन परत मिळतं का ते बघायचं. मर्यादा दिलेलं इंटिग्रेशन असेल तर मात्र उत्तर एक संख्या असते, तिथं ही सबब चालत नाही.

रेषेच्या समीकरणाचंही तसंच. (१, २, ३) मधून (२, −१, २) दिशेनं जाणारी रेषा आणि (३, १, ५) मधून (−४, २, −४) दिशेनं जाणारी रेषा एकच आहे. दिशा एकमेकींच्या पटीत आहेत का ते बघ, मग एकीचा बिंदू दुसरीवर बसतो का ते बघ. दोन ओळींचं काम.

कुणाचंच उत्तर पर्यायांत बसत नसेल, तर तेही वहीत टिपून ठेव. असं कधी कधी खरंच घडतं. २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले, आणि त्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. एरवीही उत्तरसूची आली की तुझ्या लॉगिनमध्ये तुझे प्रश्न, तू निवडलेला पर्याय आणि सूचीतलं उत्तर दिसतं. हरकत नोंदवायला दर प्रश्नामागे शुल्क असतं आणि मुदत थोडी असते. "आम्हा सगळ्यांचं हेच आलं" हे काही हरकतीचं कारण नव्हे. पूर्ण पायऱ्या आणि बालभारतीच्या पुस्तकातला आधार तयार असेल तरच पैसे भर.

आता गुणांचं. प्रश्नाला २ गुण, सात चुकले तर १४ गेले, इथवर हिशेब सरळ आहे. तिथून "म्हणजे इतके पर्सेंटाइल" अशी उडी मारू नकोस. तुझ्या सत्रातल्या किती जणांचे गुण तुझ्याइतके किंवा कमी आहेत, त्याची शेकडेवारी म्हणजे पर्सेंटाइल. समज, सत्रात २०,००० मुलं आहेत आणि त्यांतल्या १९,००० जणांना तुझ्याइतके किंवा कमी गुण आहेत, तर तुझे ९५. पेपर अवघड गेला असेल तर तो इतरांनाही गेलाय. गेटवर फक्त दहा-बाराजणी असतात, त्यांच्यावरून वीस हजारांचा अंदाज बांधता येत नाही. आणि "माझे ४२ बरोबर" म्हणणारीनं बहुधा सोडवलेले मोजलेले असतात.

अंदाजानं टिक केलेल्या प्रश्नांचंही वाईट वाटून घेऊ नकोस. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, रिकामा ठेवला तर मात्र २ गुणांची संधी गेली. जेईई मेनमध्ये चुकीला १ गुण जातो, त्या सवयीनं इथेही प्रश्न सोडणारी मुलं आहेत. चार पर्यायांचे आठ प्रश्न डोळे मिटून टिक केले तरी सरासरी दोन बरोबर येतात.

खरा उपयोग उत्तरसूची आल्यावर. वहीतल्या खुणा आणि सूची शेजारी ठेव. अंदाजाचे चुकले ते सोडून दे. अर्धी खात्री असलेले चुकले तिथं सराव कमी पडला. 'खात्री' लिहून चुकलेले दोन-तीन निघतील, त्यांच्यावर अख्खी संध्याकाळ घाल: अट वाचली नाही, सूत्र चुकीचं पाठ झालं, की आकडेमोड घसरली? पाठ झालेलं चुकीचं सूत्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत सोबत येतं.

अजून एखादी परीक्षा बाकी असेल तर ही वही तोवर उघडू नकोस. नसेल तर रविवारी सकाळी घेऊन ये, मैत्रिणींनाही आण. फाशांचा प्रश्न आधी तूच फळ्यावर सोडव. आणि आज जेवून घे.

तुझे,
सर