गंभीर दुखापतीनंतर मोटारसायकल रेसर पुन्हा पूर्वीसारखा जिंकू शकतो का?

जिंकू शकतो, पण घाई केली तर नुकसानच जास्त. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेतला स्पॅनिश विश्वविजेता मार्क मार्केझचं बघा. जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेथच्या शर्यतीत त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जोडायला धातूची प्लेट बसवून आठवड्याच्या आत तो पुन्हा बाइकवर! (त्याला तेव्हाच थांबवायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.) थोड्याच दिवसांत प्लेट तुटली, पुढे हाडाला संसर्ग झाला. एप्रिल २०२१ मध्ये परतला तेव्हा सातवा आला, जूनमध्ये जर्मनीतल्या साक्सनरिंग ट्रॅकवर जिंकलाही. तरी हाड पिळलेल्या अवस्थेतच जुळलं होतं. जोरात ब्रेक मारताना शरीराचा भार हातांवर येतो, वळणावर बाइक सांभाळायलाही हातांचा जोर लागतो. म्हणून हाड सरळ करायला २०२२ मध्ये चौथी शस्त्रक्रिया करावी लागली. विश्वविजेतेपद परत मिळालं ते थेट २०२५ मध्ये.