आईचं काय म्हणणं आहे?

तुम्ही लिहिलंय, आई ५१ वर्षांची, स्तनात कॅन्सरची गाठ आहे, पण लहान आहे. डॉक्टर म्हणतात नुसती गाठ काढूनही चालेल, पण मामा-काका 'पूर्णच काढून टाका, डोक्याला ताप नको' म्हणून अडून बसलेत. एवढं सगळं लिहिलंत, पण आई काय म्हणते ते कुठंच नाही.

मी नागपूरचीच, मानेवाड्याला राहते. सात वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. यजमान, भासरे आणि माझा भाऊ, तिघांनी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभ्या उभ्या ठरवलं. मला फक्त सही मागितली. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं जी, घाबरले होते सगळे.

मामांना एवढं सांगा: लहान गाठीत नुसती गाठ काढून पुढे रेडिएशन घेतलं, तरी आयुष्य पूर्ण स्तन काढल्याइतकंच मिळतं. अमेरिकेत आणि इटलीत बायांवर २० वर्षं लक्ष ठेवून हे तपासलंय, २००२ साली निकाल छापून आले. त्याच स्तनात पुन्हा गाठ यायची शक्यता थोडी जास्त राहते, म्हणून रेडिएशन टाळायचं नाही. आता ते बरेचदा तीन आठवड्यांत होतं. गोंदिया-गडचिरोलीकडच्या बायांना तेवढे दिवस इथं राहणं जमत नाही, म्हणून कित्येकजणी पूर्ण काढून घेतात. तेही चूक नाही. पण पूर्ण काढलं म्हणजे रेडिएशन सुटलंच असं समजू नका. काखेतल्या गाठींपर्यंत (म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींपर्यंत) रोग पोचला असेल तर तरीही द्यावं लागू शकतं. गाठी दोन-तीन ठिकाणी असतील किंवा स्तनाच्या मानानं गाठ मोठी असेल, तर मात्र बरेचदा डॉक्टर स्वतःच पूर्ण काढायला सांगतात. स्तन पुन्हा बनवायचं ऑपरेशन त्याच वेळी होतं, नंतरही होतं. मला हे कोणी सांगितलंच नाही.

मनाचं विचारलंत. पदर डाव्या खांद्यावरून येतो ना, तो बसेना. निऱ्या सपाट पडायच्या, पिन लावताना हात थांबायचा. यजमान कधी काही बोलले नाहीत, तरी वर्षभर मी दिवा मालवूनच साडी बदलली. सिलिकॉनचा कप आणला, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत त्याच्या आत घामाच्या धारा. शेवटी ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं काही न विचारता आतून खिसा शिवून दिला, त्यात मोहरी भरलेली सुती पिशवी ठेवते. वजन हवंच, नाहीतर खांदा एका बाजूला कलतो.

बाकी, काखेतल्या गाठी काढल्या तर हाताला सूज येऊ शकते; व्यायाम शिकून घ्या.

पुढच्या वेळी ओपीडीत मामांना चहाला पाठवा आणि डॉक्टरांसमोर आईलाच बोलू द्या. ती म्हणेल, 'तुम्हाला पटेल ते करा.' थोडं थांबून पुन्हा विचारा. मीही तेच म्हटलं होतं.