पहिला रुपया टाकण्याआधी

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद.

तू निवडलेला कोरियन गेम पे-टू-विन, म्हणजे पैसे टाकणाराच जिंकेल असा, आहे का, असं विचारलंयस. फुकट खेळता येणाऱ्या बहुतेक कोरियन रोल-प्लेइंग गेमबद्दल याचं उत्तर ‘काही अंशी हो’ असंच येईल आणि त्याचा तुला काही उपयोग नाही. त्याऐवजी तीन गोष्टी शोध. पैशाने नेमकं काय मिळतं? ते कोणत्या टप्प्यावर लागतं? आणि नशिबाने एकदाही साथ दिली नाही, तर ती वस्तू हमखास मिळायला जास्तीत जास्त किती मोजावे लागतील? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळत नसेल, तर त्या वस्तूवर काहीही खर्च करू नकोस.

शक्यतेचा आकडा नीट वाचायला शीक. 1% शक्यता म्हणजे शंभर प्रयत्नांत एकदा मिळणारच, असं नव्हे. शंभर प्रयत्न करूनही हाती काहीच न लागणारे जवळपास 37% असतात. 90% खात्री हवी तर 230 प्रयत्न धरावे लागतात, 99% साठी 459. प्रत्येक प्रयत्न आधीच्या प्रयत्नांपासून स्वतंत्र असतो, त्यामुळे ‘इतके टाकलेत, आता निघेलच’ या वाक्याला गणितात जागा नाही. अपवाद फक्त पिटी असलेल्या पद्धतीचा, म्हणजे ठरावीक अपयशांनंतर यश हमखास देणाऱ्या पद्धतीचा.

छापलेला आकडा खरा असतो का, हेही विचारायला हवं. नेक्सॉन कंपनीच्या मेपलस्टोरी या गेमचं प्रकरण मुळातून समजून घे. तिथे क्यूब नावाची वस्तू शस्त्रांवरचे आणि चिलखतावरचे पोटेन्शियलचे, म्हणजे जादा ताकद देणारे, गुण नशिबाच्या भरवशावर नव्याने बदलून देते. काही गुण एकाच वस्तूवर तीनदा येण्याची शक्यता 2011 पासून 2021 पर्यंत शून्य ठेवलेली होती आणि ते खेळाडूंना सांगितलेलं नव्हतं. ब्लॅक क्यूब या प्रकारातून लेजंडरी हा सर्वोच्च दर्जा मिळण्याची शक्यता 2013 मध्ये 1.8% होती. ती आधी 1.4% आणि मग 2016 मध्ये 1% वर आणली, तीही गुपचूप. म्हणजे सरासरी 56 क्यूबांचं काम 100 क्यूबांवर गेलं आणि पैसे भरणाऱ्याला पत्ता नाही. जानेवारी 2024 मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने या सगळ्यासाठी नेक्सॉनला सुमारे 1,160 कोटी वॉनचा दंड ठोठावला. 22 मार्च 2024 पासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. खेळाडूंनी वर्षानुवर्षं आपापल्या क्यूबांच्या नोंदी ठेवल्या, रस्त्यावर निषेध केला, म्हणून हे घडलं. त्यांचा आदर वाटतो. मात्र हा कोरियाचा कायदा आहे. तू ज्या देशाच्या सर्व्हरवर खेळशील, त्या आवृत्तीचं शक्यतेचं पान वेगळं उघडून बघ.

आता हिशेबाचा एक नमुना. लॉस्ट आर्क या गेममध्ये शस्त्राची पातळी वाढवण्याला होनिंग म्हणतात. मूळ पद्धतीत एखाद्या पायरीची शक्यता 10% असेल, तर प्रत्येक अपयशानंतर ती एकेक टक्का वाढत दुपटीपर्यंत, म्हणजे 20% पर्यंत जाते. शिवाय दर अपयशाला त्या वेळच्या शक्यतेच्या सुमारे 46.5% इतकी भर आर्टिझन्स एनर्जी नावाच्या मापकात पडते. ती 100 झाली की पुढचा प्रयत्न हमखास. बेरीज मांडलीस तर दिसेल, 14 प्रयत्न फसले तरी पंधरावा यशस्वी होतोच. मूळ शक्यता 3% असेल तर हीच हमी चाळिसाव्या प्रयत्नावर येते. एका प्रयत्नाला लागणारं सामान आणि सोनं पंधराने किंवा चाळीसने गुण, आणि तेवढं जमल्याशिवाय होनिंग सुरूच करू नकोस. अर्ध्यावर सामान संपलं की हात पैशाकडे जातो. बहुतेकांचा खर्च सुरू होतो तो इथेच.

त्याच गेममध्ये अरीनात, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत, सगळ्यांचे ताकदीचे आकडे सारखे केले जातात, त्यामुळे पैशाने द्वंद्व जिंकता येत नाही. पैशाचा जोर जाणवतो तो रेडसाठी, म्हणजे मोठ्या शत्रूवरच्या गटाच्या मोहिमेसाठी, गट जमवताना, कारण गटप्रमुख कमी आयटम लेव्हलवाल्याला, म्हणजे ज्याची शस्त्रं-चिलखत कमी पातळीची आहेत त्याला, बाहेर ठेवतो. लिनिएजसारख्या गेममध्ये गोष्ट वेगळी. तिथे किल्ल्यांसाठी गट एकमेकांशी लढतात आणि गाचातून, म्हणजे पैसे देऊन काढलेल्या सोडतीतून, मिळवलेली ताकद थेट समोरच्यावर चालते. माझ्या मते नव्याने अशा गेममध्ये पडूच नये.

काही फायदे साधे दिसतात. ब्लॅक डेझर्ट या गेमच्या बाजारात माल विकला की कर जाऊन 65% हाती येतात. व्हॅल्यू पॅक ही पैशाने मिळणारी सवलत असेल तर त्यावर 30% वाढ, म्हणजे 84.5%. शंभर कोटी सिल्व्हरच्या (तिथल्या चलनाच्या) विक्रीमागे साडेएकोणीस कोटींचा फरक, दर विक्रीला. तिथेच पर्लने, म्हणजे खऱ्या पैशाने मिळणाऱ्या चलनाने, घेतलेले पोशाख वितळवून क्रॉन स्टोन मिळतात आणि ते एन्हान्समेंट, म्हणजे वस्तूची पातळी वाढवणं, फसल्यावर पातळी घसरण्यापासून वाचवतात. ‘आम्ही फक्त कपडे विकतो’ हे वाक्य ऐकलंस की ते कपडे वितळतात का, हे आधी बघ.

खर्च करायचाच असेल तर गेममधलं चलन रुपयांत बदलून वस्तूची किंमत कागदावर लिही. चलनाचे पॅक वस्तूच्या किमतीशी जुळत नाहीत, थोडं उरतं आणि ते उरलेलं पुढच्या खरेदीला ओढतं. गूगल प्लेवर महिन्याचं बजेट ठरवता येतं, पण ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. म्हणून प्रत्येक खरेदीला ओळख पटवण्याची सोय चालू ठेव. चुकून खरेदी झाली तर 48 तासांच्या आत परतावा माग, आणि तोवर ती वस्तू वापरू नकोस. बाहेरच्या विक्रेत्याकडून सोनं घेऊ नकोस. त्यात खातं कायमचं बंद होऊ शकतं आणि दाद मागायला फारशी जागा उरत नाही.

स्टार्टर पॅक, म्हणजे नवख्यांसाठी विकला जाणारा वस्तूंचा संच, घ्यावा का, असंही विचारलंयस. सुरुवातीचे लेव्हल बहुतेक गेममध्ये भराभर जातात, तिथे पॅकची गरज पडत नाही. कमाल लेव्हल गाठ, महिनाभर आठवड्याची कामं कर. मग कुठे अडतंय ते बघ आणि त्या पॅकमधल्या वस्तू तिथे लागतात का, ते मला कळव. सोबत शक्यतेच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठव, हिशेब मिळून मांडू.