रिपीटच्या वर्षी मार्क घसरतात तेव्हा

मी लातूरमध्ये नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांचं समुपदेशन करते. रिपीट म्हणजे वर्षभर तयारी करून तीच परीक्षा पुन्हा देणं. दिवाळी उलटली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, रिपीटला ठेवलंय, पुस्तकं तीच, सगळं एकदा वाचून झालेलं. मग मागच्या वर्षीपेक्षा मार्क कमी कशामुळं पडायलेत?" पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "मोबाइलच बघत असणार."

बऱ्याचदा तसं नसतं. एका मुलीची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला स्नेहल म्हणू.

स्नेहल वसमतकडची. वडिलांची हळद. बारावीच्या वर्षी नीटला 720 पैकी 438 पडले, एमबीबीएसला नंबर लागला नाही. भावकीतल्या एका मुलाचा नंबर लातूरहून लागला होता, म्हणून जवळचं नांदेड सोडून वडिलांनी हळदीचा पैसा घालून तिला इथल्या रिपीटर बॅचला घातलं. सुरुवातीला टेस्टमध्ये 450 पडत होते, ते घसरत 362 वर आले. दर रविवारी मार्क वडिलांच्या मोबाइलवर जायचे आणि लगेच त्यांचा फोन यायचा, "माय, किती पडले?"

"मला आता काहीच आठवत नाही, मॅडम. डोकं बंद पडलंय," ती म्हणाली.

मी तिला आधी टेस्टचे पेपर आणायला सांगितले. हे शिक्षकांचं काम आहे असं कुणाला वाटेल. पण घाबरलेलं मूल स्वतःबद्दल जे सांगतं ते आणि त्याची उत्तरपत्रिका जे सांगते ते, यात फार अंतर असतं, आणि ते अंतर त्याला डोळ्यांनी दिसावं लागतं. चुकलेल्या प्रश्नांवर आम्ही खुणा केल्या. येतच नव्हतं ते वेगळं, येत असून चुकलं ते वेगळं, आणि शेवटच्या घाईत काळे केलेले गोल वेगळे. जीवशास्त्र तिचा हातखंडा विषय. तिथंच "अयोग्य विधान ओळखा" असं विचारलेल्या ठिकाणी तिनं योग्य विधान निवडलं होतं. येत असून चुकलेले असे एका पेपरात वीस प्रश्न निघाले. बरोबर उत्तराचे 4 मिळतात, चुकीला 1 कापला जातो, म्हणजे येणारा प्रश्न चुकला की 5 मार्कांचा फरक. वीस प्रश्नांचे शंभर. तो गुणाकार तिनं स्वतः केला आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

मग दिवसभराचं विचारलं. रात्री अडीचपर्यंत अभ्यास, सहाला उठणं. मेसचं जेवण झालं की दीड ते साडेतीन झोप. नीटची परीक्षा असते दुपारी 2 ते 5. ज्या वेळेला तिच्या शरीराला झोपायची सवय लागली होती, नेमक्या त्या वेळेला तिला 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे होते. संध्याकाळचं जेवण ती अर्धा तास वाचतो म्हणून सोडायची. वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. झोप कापून वाढवलेला अभ्यास टिकत नाही, हे मी पालकांना अगदी आग्रहानं सांगते, कारण रात्रभर दिवा चालू दिसला की त्यांना बरं वाटतं.

पण स्नेहल झोपत का नव्हती? "झोपले की हळद आठवते," ती म्हणाली. पोळ्याला ती गावी गेली नव्हती, दिवाळीलाही नाही. गेलं की बाया विचारतात, काय झालं गं नंबरचं? सोबतच्या मैत्रिणी पांढऱ्या कोटातले फोटो स्टेटसला ठेवत होत्या.

इथं मी तिला सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल बोलतं. ती हळूच म्हणाली, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं कधी कधी."

हे ऐकल्यावर अभ्यासाचं वेळापत्रक मागं पडतं. तिला सांगूनच मी वडिलांना त्याच दिवशी बोलावलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ती एकटीच्या रूमवर राहत होती, तिथं आई येऊन राहिली. वडील आधी म्हणाले, "आम्ही तर तिला कधी एक शब्द बोललो नाही." खरंच बोलले नव्हते. फक्त दर रविवारी किती पडले ते विचारत होते. आता मार्क विचारू नका म्हटल्यावर ते गोंधळले. "मग काय विचारू?" मी म्हटलं, जेवलीस का विचारा, गायीचं, शेताचं सांगा.

आणि एक काम आम्ही तिघांनी बसून केलं. एमबीबीएस नाही झालं तर काय, ते कागदावर लिहिलं. बीएएमएसचे, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचे, प्रवेश नीटवरच होतात, पशुवैद्यकीयचेही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कृषीला जायचं तर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. पालकांना वाटतं, दुसरा रस्ता दाखवला की मूल ढिलं पडेल. माझा अनुभव उलटा आहे. स्नेहल त्या आठवड्यापासून रात्री अकराला झोपायला लागली.

औषधं काही महिने चालली. टेस्टचे मार्क हळूहळू वर आले, तरी निकालात एमबीबीएसला पुरले नाहीत. आज ती परभणीला पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे.

तुमचं मूल लातूर-नांदेडला रूमवर असेल आणि मार्क घसरत असतील, तर फोनवर न थांबता एकदा जाऊन दोन दिवस राहा. ते जेवतं का, कधी झोपतं, सणाला घरी यायचं का टाळतं, टेस्ट बुडवायला लागलंय का, ते बघा. "मी तुम्हाला ओझं झालोय" अशी भाषा कानावर आली तर निकालाची वाट बघू नका. डॉक्टर लगेच मिळत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.