पहिली टेस्ट निगेटिव्ह, मग डेंग्यू निघाला कसा?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमच्या अकरा वर्षाच्या लेकराला पोळ्याच्या टायमाला ताप आला, दुसऱ्याच दिवशी गावातल्या लॅबमध्ये डेंग्यूची कार्ड टेस्ट केली तर सगळं निगेटिव्ह, आम्ही बिनघोर झालो. ताप हटेना म्हणून सहाव्या दिवशी जालन्याला नेलं तर आयजीएम बी पॉझिटिव्ह अन् आयजीजी बी, पेशी (प्लेटलेट) ६२ हजार. आता पोरगं ठीक आहे पण घरचे म्हणायलेत पहिल्या लॅबवाल्यानं फसवलं. पुढं कोणाला ताप आला तर कोणती टेस्ट करावी?
— एक वाचक, परतूर

उत्तर : लेकरू बरं झालं हे वाचून जिवाला बरं वाटलं. लॅबवाल्यानं फसवलं असं मला नाही वाटत. आयजीएम ही विषाणूशी लढायला शरीर स्वतः तयार करतं ती अँटीबॉडी, आणि ते साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर रक्तात सापडतं, दुसऱ्या दिवशी ते निगेटिव्हच येणार. त्याच कार्डवर बघतात तो एनएस-१ मात्र विषाणूचाच भाग, तो पहिल्या दिवसापासून चार-पाच दिवस सापडायला हवा. मग तुमचा का सुटला? आयजीजी ही मागून येणारी आणि लई दिवस टिकणारी अँटीबॉडी, ती पॉझिटिव्ह आहे म्हणजे बहुतेक त्याला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय, कदाचित साधा ताप म्हणून निघून गेला असेल, आणि दुसऱ्यांदा होतो तेव्हा जुन्या अँटीबॉडीज एनएस-१ला चिकटून बसतात, टेस्टला तो कमी दिसतो. त्यात कार्ड टेस्ट ही झटपट टेस्ट, ती एलायझापेक्षा, म्हणजे मोठ्या लॅबमधल्या मशीनवरच्या टेस्टपेक्षा, कमी पकडते. सरकारी नोंदीत पक्का डेंग्यू धरायला कार्ड चालत नाही, एलायझा लागते, ती छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा लातूर-नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होते. पण बरेच नमुने जमवून एकदम लावतात म्हणून रिपोर्टला वेळ लागतो, तोवर उपचार थांबवायचे नाहीत.

तर ताप आलेला दिवस लिहून ठेवा. पाच दिवसांच्या आत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. आणि निगेटिव्ह आलं तरी ताप चालूच असेल तर परत दाखवा.

पेशींचं लई टेन्शन घेतात लोक. नमुन्याच्या नळीत पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या की मशीन आकडा कमी दाखवतं, म्हणून कमी आल्या की स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. माझं जास्त लक्ष त्याच सीबीसीमधल्या (रक्तपेशींच्या तपासणीतल्या) हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के त्यावर असतं, ३६ चा ४३-४४ झाला म्हणजे रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायलंय, आणि हे नेमकं ताप उतरताना होतं, घरचे म्हणतात आता बरं झालं तेव्हाच. पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, लेकरू मलूल पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक-ॲस्पिरिन अजिबात नको.

आणि हा रिपोर्ट जपून ठेवा, आयजीएम दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, दिवाळीपर्यंत पोराला परत ताप आला तर नुसत्या आयजीएमवरून डेंग्यू समजू नका, मलेरिया-टायफॉइडचं पण बघायला सांगा.