गावाकडचं घर पाडायच्या आधी, माळवदावर वर्षाला कोण चढणार ते ठरवा

न्यू जर्सीहून एका ताईंचा मेल आलाय. सासऱ्यांचं घर बार्शी तालुक्यात, सासूबाई गेल्या तेव्हापासून नऊ वर्षं कुलूप, मागच्या पावसाळ्यात माजघरावरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली आलं, ढाळज (दारालगतची बसायची जागा) आणि दरवाजा मात्र शाबूत. ठेकेदार म्हणतो पाडून टाका, स्लॅबचा बंगला करून देतो. नवऱ्याचा जीव त्या चौकात अडकलाय, मुलांना वायफाय आणि कमोड पाहिजे, आणि ताई विचारतात की पैसे घालावेत का आणि कुठून सुरुवात करावी.

ताई, पैसे घाला. पण आधी हे घर कशामुळे पडलं ते समजून घ्या. जुनं झालं म्हणून नाही पडलं. आपल्या सोलापूरकडे पाऊस कमी, वर्षाला साधारण ५५०-६०० मिलिमीटर, म्हणून तर सपाट मातीची माळवदं चालली. खाली तुळया, त्यावर फळ्या नाहीतर किलच्या (लाकडाच्या बारीक पट्ट्या), त्यावर पाला आणि मग मातीचा थर. हे छत पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, फक्त दरवर्षी मृगाच्या आधी कुणीतरी वर चढून गवत उपटायचं, पन्हळी मोकळ्या करायच्या, पांढरी माती टाकून चोपायची. तुमच्या सासूबाई ते करून घेत होत्या, त्या गेल्यावर कुणीच चढलं नाही, पाणी मुरलं, तुळईचं टोक भिंतीत कुजलं, वाळवी लागली. म्हणजे घराला माणूस नव्हता एवढाच दोष आहे, आणि तुम्ही उद्या कितीही पैसे घातले तरी वर्षातले अकरा महिने माणूस नसणारच आहे, त्यामुळे प्रत्येक निर्णय घेताना हाच प्रश्न विचारा की मी इथं नसताना हे कसं टिकेल.

आता भिंती. त्या दोन-अडीच फूट जाडीच्या असतील, आणि मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री असताना आत दुपारी झोप लागायची ती त्यांच्यामुळेच. स्लॅबचं घर दिवसभर तापतं आणि रात्री तीच उष्णता खाली सोडत बसतं, त्यात लाइट गेली की मुलं दोन दिवसात सोलापुरात हॉटेल बुक करा म्हणतील. म्हणून भिंती ठेवा असंच मी सांगेन.

पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडच्या कुणीच विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, आणि ती बरीचशी अशाच घरात झोपलेली होती. दगडाच्या भिंती आतून-बाहेरून दोन थरात रचलेल्या, मध्ये माती आणि चुरा, दोन्ही थर धरून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर वर्षानुवर्षं मातीवर माती टाकून जड झालेलं माळवद. म्हणून ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा, शक्यतो दगड-मातीची जुनी बांधकामं हाताळलेला. छताचं वजन कमी करणं, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे बांधदगड घालणं, दरवाजे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना जोडणारा पट्टा, खांब आणि तुळईचा सांधा पक्का करणं, हे सगळं जुन्या घरात करता येतं. भिंत फुगलेली असली तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागेल, त्यात भावनेला जागा नाही, खाली लेकरं झोपणार आहेत.

छताचं आम्ही आमच्या मोहोळकडच्या घरात असं केलं, की जुनी माती सगळी उतरवली, कुजलेल्या तुळया बदलल्या, वर पातळ थर ठेवला आणि त्याच्यावर दीड फूट मोकळी जागा सोडून उताराचा पत्रा घातला. खालून बघितलं तर तेच लाकडी छत दिसतं, वरून पाणी येत नाही, मधून वारा खेळतो म्हणून पत्रा तापला तरी खोलीत जाणवत नाही. फक्त पत्रा नीट आवळून घ्या, एप्रिल-मेच्या वळवात पत्रे उडतात ते तुम्हाला सांगायला नको. आणि सवणं, म्हणजे छतातली उजेडाची भोकं, बुजवू नका, वरच्या पत्र्यात त्याच जागी काच बसवली की माजघरात दिवसा लाइट लावावी लागत नाही.

चूक माझी एक झाली ती तुम्ही करू नका. मी हौसेने मातीच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, गुळगुळीत दिसावं म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात जोत्यातून चढलेली ओल आत अडकली, पोपडे सुटले, आणि गिलावा पडताना जुनी माती सोबत घेऊन पडला. सगळा खरवडून परत माती, भुसा आणि चुन्याचा करावा लागला. तेव्हा मातीच्या भिंतीला मातीच किंवा चुनाच.

संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, वॉशिंग मशीन हे सगळं परसात वेगळं बांधा, जुन्या भिंतीला चिकटवून नको. जमीन काळी असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. इथं मात्र खुशाल स्लॅब टाका, सोलर पॅनल आणि टाकी दोन्ही त्याच्यावर बसतात, जुन्या घरावर बोजा नाही.

काम दिवाळीनंतर काढा. माणसं ऊसतोडीत असतात, ज्वारीच्या काढणीत तर गवंडीसुद्धा शेतात जातो, तेवढे दिवस धरूनच चला, पण वळीव सुरू व्हायच्या आत छत झाकलं गेलं पाहिजे. आणि काहीही उतरवायच्या आधी प्रत्येक खांब, तुळई, चौकटीवर ऑइल पेंटने नंबर घालून फोटो काढून ठेवा. जुन्या सागवानाला चांगला भाव येतो, आणि "पाडून टाका, राडारोडा आम्ही उचलतो" या बोलण्यात बऱ्याचदा तुमचं लाकूडही उचललं जातं. पैसे टप्प्याटप्प्याने, काम बघून.

कागदपत्रांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, नाव बहुतेक अजून आजेसासऱ्यांचंच निघेल, वारस नोंद लावून घ्या. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्डही बघा. तुमचे मिस्टर अमेरिकन नागरिक असले तरी वारसाने घर मिळायला अडचण नाही, पण शेजारची शेतजमीन विकत घ्यायचा विचार असेल तर थांबा, एनआरआय आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेले भारतीय वंशाचे) लोकांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. दिरांना मुखत्यारपत्र देणार असाल तर ते तिकडे रीतसर साक्षांकित करून, इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या, आणि त्यात दुरुस्ती, बिलं आणि ग्रामपंचायतीची कामं एवढेच अधिकार लिहा, विक्रीचा नको. हे दिरांवरच्या अविश्वासाने म्हणत नाहीये, पुढे त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून म्हणतेय.

माणसाचा प्रश्न राहिलाच. पुढचा सोपा (ओसरी) आणि एक खोली कुणालातरी राहायला द्या, गावात बदलून आलेलं शिक्षकाचं कुटुंब असेल तर फारच छान, भाडं नाममात्र घ्या पण लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करा. रोज चूल पेटली, अंगण झाडलं, दारं उघडली की घर निम्मं आपोआप सांभाळलं जातं.

आणि शेवटचं, जे खरं तर तुम्ही सगळ्यात आधी करायला हवं. तुमच्या मेलमध्ये नणंदेचा उल्लेख एकाच वाक्यात आहे, "त्यांची सही घ्यावी लागेल." ताई, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे ती नुसती सही नाही, ते घर त्यांचंही आहे. हक्कसोडपत्राचा विषय पहिल्या फोनवर काढू नका. त्यांच्यासाठी कुठली खोली ठेवू ते विचारा. आणि आई माळवदासाठी पांढरी माती कुठून आणायच्या, कोण आणून द्यायचं, तेही विचारा, कारण त्या घरात लहानपणी माती चोपायला वर चढलेलं माणूस आता त्यांच्याशिवाय कोण उरलंय.